कार्बन फायबरचं बॉनेट: रंग सगळ्यात शेवटी

आजचा विषय आहे गाडीच्या कार्बन फायबर बॉनेटची दुरुस्ती आणि रंगकाम. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो, कारण हा विषय मला त्या चुकीनेच शिकवला.

मी सिकंदराबादला राहतो, माझा भाचा हैदराबादेत नोकरी करतो. त्याने एक जुनी सेडान घेतली. आधीच्या मालकाने तिला बाजारात मिळणारं कार्बन फायबरचं बॉनेट बसवलेलं होतं. एक दिवस पुढच्या डंपरच्या चाकाखालून दगड उडाला आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला लागला. रुपयाएवढा पांढरा डाग आणि त्यातून निघालेल्या दोन बारीक भेगा, एवढंच दिसत होतं. भाचा म्हणाला, "मामा, शनिवारी आईला घेऊन तुळजापूरला जायचंय. तेवढं नीट दिसेल असं करून दे ना."

फौजेत ईएमईत मी तीस वर्षं काढली. गाड्या, इंजिनं, वर्कशॉप यांतच आयुष्य गेलं. त्यामुळे मला वाटलं, यात काय अवघड आहे? भेगांत इपॉक्सी भरलं, घासलं, वरून क्लिअर मारलं. दोन दिवसांत बॉनेट आरशासारखं झालं आणि मला शाबासकी मिळाली.

परत येताना हुमनाबाद ओलांडल्यावर, ताशी नव्वदच्या वेगात, ताई म्हणाली, "अरे, ते समोरचं हलतंय का?" भाच्याने वेग कमी करून गाडी डावीकडे घेतली. बॉनेटची पुढची कड चांगली पाच बोटं वर आली होती. वरची कातडी आणि खालचा सांगाडा लॅचच्या बाजूला एकमेकांपासून सुटले होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर बॉनेट उलटून काचेवर आपटलं असतं. एका धाब्यावरून नायलॉनची दोरी घेऊन त्यांनी ते बांधलं आणि ताशी चाळीसच्या वेगाने हैदराबाद गाठलं. ताई मला एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागलं.

वरून कीर्तन आणि आतून तमाशा, असं ते माझं काम होतं. म्हणून आज क्रम लक्षात ठेवा: आधी तपासणी, मग ताकद, मग आकार आणि सगळ्यात शेवटी रंग.

हा पदार्थ आहे तरी काय?

पत्र्याच्या बॉनेटला दगड लागला तर खळगा पडतो. पत्रा वाकतो आणि मार कुठे लागला ते स्वतः सांगतो. कार्बन फायबर वाकून दाखवत नाही. ते एक तर जसंच्या तसं परत येतं, नाही तर आतून तुटतं.

कारण त्याच्या बांधणीत आहे. कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. असे हजारो तंतू एकत्र करून दोरा होतो, दोऱ्यांचं कापड विणतात आणि कापडाचे थर इपॉक्सीसारख्या रेझिनमध्ये भिजवून एकमेकांवर बसवतात. तंतूच्या दिशेने ओढलं तर ताकद प्रचंड आणि वजन मात्र कमी. पोलाद पाण्याच्या पावणेआठ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट आणि हे मिश्रण सुमारे १.६ पट.

पण दोन थरांच्या मध्ये तंतू नसतात, फक्त रेझिन असतं. गोधडीचे थर टाक्यांनी धरलेले असतात, इथे टाके नाहीत, नुसता डिंक आहे. वरून ठोसा बसला की थर एकमेकांपासून सुटतात. वर छोटा डाग आणि आत वीतभर पोकळी, असं सर्रास होतं.

यात मोठमोठे लोक फसले आहेत. रोल्स-रॉइसने आरबी २११ या विमानाच्या इंजिनासाठी कार्बन फायबरची पंख्याची पाती केली होती. वजनाला हलकी, ताकदीला उत्तम. पण १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमची पाती घ्यावी लागली. त्या इंजिनाच्या वाढत गेलेल्या खर्चाने १९७१च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं निघालं. पदार्थ वाईट नव्हता, पण आडव्या ठोशाला तो कच्चा पडत होता. बॉनेटला तर रोज दगडगोट्यांचाच ठोसा बसतो.

आणखी एक गोष्ट. बाजारात "कार्बन बॉनेट" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच मालात वर कार्बनचा एकच थर असतो आणि खाली ग्लास फायबर. आमचंही तसंच निघालं. बॉनेट उलटं करून खालची बाजू पाहा. तिथे पांढुरकी, धाग्यांच्या गुंत्यासारखी चटई दिसली तर समजा की तो ग्लास फायबर आहे. त्याने दुरुस्ती अडत नाही, पण आपण कशावर काम करतोय हे माहीत हवं.

तपासणी: एक नाणं आणि एक बॅटरी

बॉनेट गाडीवरून काढा. दोन माणसं लागतात, एकट्याने करू नका. बिजागरीच्या कडेने आधी पेन्सिलीची खूण करा, म्हणजे परत बसवताना फटी सारख्या येतील.

आता नाणं घ्या आणि डागापासून दूर, चांगल्या भागावर टकटक करा. खणखणीत आवाज येईल. तसंच टकटक करत डागाकडे या. जिथे आवाज बोदा, मेलेला येतो तिथे थर सुटलेले आहेत. त्या कडेने खडूने रेघ ओढत जा. ही भाबडी युक्ती नाही, विमानं आणि हेलिकॉप्टरांच्या देखभालीतही टकटक करून तपासतात. मात्र खाली सांगाडा चिकटवलेला असेल तिथे आवाज मुळातच वेगळा येतो, म्हणून डाव्या बाजूची उजव्या बाजूशी तुलना करा.

मग खालची बाजू. बॅटरीचा उजेड तिरपा टाका. कातडी आणि सांगाडा जिथे चिकटवलेले असतात त्या जोडावरून कागदाची पट्टी फिरवून पाहा. पट्टी आत शिरली तर जोड सुटला आहे. मी पहिल्या वेळी नेमकं हेच केलं नव्हतं. वरचा डाग रुपयाएवढा होता, खालचा जोड लॅचपासून वीतभर उघडला होता.

तपासणीतून तीनपैकी एक निदान निघेल.

पहिलं, फक्त वरचा क्लिअर पिवळा पडलाय किंवा सोलपटतोय. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. हे फक्त रंगाचं काम आहे.

दुसरं, कातडीला भेग किंवा भोक आहे, पण लॅच आणि बिजागऱ्या शाबूत आहेत. हे शांतपणे घरी करता येतं.

तिसरं, लॅचची जागा, बिजागरीच्या बोल्टांची जागा किंवा सांगाडाच तडकलाय. इथे माझा सल्ला स्पष्ट आहे: घरी करू नका. कंपोझिटचं काम करणाऱ्या माणसाकडे द्या किंवा बॉनेट बदला. वाऱ्याचा सगळा जोर याच तीन-चार जागांवर येतो.

आधी जीव सांभाळा

कार्बनची धूळ अंगाला खाजवते, छातीला वाईट आणि शिवाय ती वीजवाहक असते. उघड्या चार्जरजवळ किंवा स्विचबोर्डजवळ घासकाम करू नका. जमेल तितकं पाणी लावून घासा. कोरडं घासायचं तर धुळीचा चांगला मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. हे कपडे घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

आणि मुख्य म्हणजे, रंगाचा जो टू-के क्लिअर किंवा प्रायमर असतो त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा लागू शकतो. साधा कापडी मास्क इथे काहीही कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर फवारणीचं काम सरळ पेंट बूथ असलेल्या गॅरेजकडे द्या. मी तेच केलं आणि त्यात कमीपणा काही नाही.

ठिगळ लावण्याची रीत

बोदा आवाज आलेला सगळा भाग कापून किंवा घासून काढा. तो ठेवून वरून लिंपणं म्हणजे सडक्या लाकडावर वार्निश. आमच्या बॉनेटवर मेलेला भाग काढल्यावर सहा बाय नऊ सेंटीमीटरचं भोक झालं. रुपयाचा डाग हा एवढा निघाला.

भोकाची कड सरळ ठेवायची नाही, उतरती घासायची. जाडीच्या सुमारे २० पट उतार धरा. कातडी २ मिलिमीटर जाड असेल तर चारही बाजूंनी ४ सेंटीमीटर. ताण एका थरातून दुसऱ्यात हळूहळू जावा म्हणून हा उतार. ८० नंबरच्या पेपरने घासा, म्हणजे पकड मिळते. जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर मात्र कधीच वापरू नका. तो रंगाबरोबर रेझिनही खातो.

भोकाला खालून आधार लागतो. प्लास्टिकच्या पातळ शीटला पॅकिंग टेप गुंडाळा आणि खालून चिकटवा. टेपला रेझिन धरत नाही, नंतर ती सहज निघते.

रेझिन इपॉक्सीच घ्या. मूळ बॉनेट पॉलिस्टरचं असलं तरी इपॉक्सी त्यावर नीट धरतं. उलट, जुन्या इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. कापड २०० ग्रॅम वजनाचं, म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम. त्याचा एक थर साधारण पाव मिलिमीटर होतो, म्हणून २ मिलिमीटरला आठ थर. सगळ्यात लहान तुकडा भोकाएवढा, पुढचा प्रत्येक थोडा मोठा आणि शेवटचा उताराच्या टोकापर्यंत. विणीची दिशा मूळ कापडाशी जुळवा.

आमचं सगळं कापड मिळून २५ ग्रॅमसुद्धा भरलं नाही. रेझिन साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. इतक्या कमी मापात चूक महाग पडते, म्हणून मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेतला. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, कुठे १००ला ३०, कुठे १००ला १०. वजनाने आहे की मापाने, तेही वाचा. हार्डनर जास्त टाकला की लवकर सुकतं, हा गैरसमज आहे. जास्तीचा हार्डनर तसाच आत राहतो आणि ठिगळ कायमचं मऊ राहतं. कालवलेलं रेझिन पेल्यात ठेवू नका, पसरट ताटलीत ओता. पेल्यात ते आपल्याच उष्णतेने तापतं आणि धूर सोडतं.

कापड भिजेल इतकंच रेझिन लावा, पोहायला लावू नका. वर पील प्लाय नावाचं नायलॉनचं कापड, त्यावर जास्तीचं रेझिन शोषणारं कापड, त्यावर व्हॅक्यूमची पिशवी. पंप नसेल तर प्लास्टिक आणि वाळूच्या पिशव्यांचं वजन ठेवा. काम थोडं कमी सरस होईल, पण होईल. चोवीस तास हात लावू नका. पावसाळ्यात किंवा मुंबई-कोचीसारख्या दमट हवेत वर मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि घासणीने धुऊन काढा. तसाच पेपर मारला तर तो आत चोळला जातो आणि पुढे रंग सुटतो.

आता एक टप्पा, जो बहुतेक जण गाळतात. साध्या हवेत कडक झालेलं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे पुन्हा नरम पडू लागतं. हैदराबाद, नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं काळं बॉनेट सहज ७० अंशांच्या घरात जातं, खालून इंजिनाची धग वेगळी. अशा वेळी ठिगळ किंचित बसतं आणि चकचकीत रंगातून विणीचे चौकोन वर दिसू लागतात. उपाय म्हणजे रंगाच्या आधीच ते ठिगळ तापवून घेणं. तासाला दहा अंश चढवत ६०-६५ अंशांपर्यंत न्या, रेझिनच्या माहितीपत्रकात दिलेले तास तिथे ठेवा आणि सावकाश उतरवा. मी प्लायवूडची पेटी केली, आत जुने पिवळे बल्ब लावले, थर्मामीटर ठेवला आणि खुर्ची टाकून शेजारी बसलो. बॉनेटला खालून सगळीकडे सारखा आधार द्या, नाही तर तापल्यावर त्याला पोक येतो.

मग रंग

इथे मामा-भाच्याचं भांडण झालं. त्याला वीण दिसणारं काळं बॉनेट हवं होतं. मी म्हटलं, ठिगळ कितीही जुळवलं तरी वीण तुटलेली दिसणारच. तो म्हणाला, "मामा, रंगच द्यायचा तर कार्बन कशाला?" म्हटलं, वजनासाठी. २००४ सालच्या एका खास आवृत्तीच्या कॉर्व्हेट झी ०६ला कारखान्यातूनच कार्बनचं बॉनेट मिळालं होतं. ते नेहमीच्या बॉनेटपेक्षा सुमारे पावणेपाच किलोने हलकं होतं आणि रंगवलेलं होतं. शेवटी तोडगा निघाला: पुढचा ठिगळाचा पट्टा गाडीच्या रंगात, मागचा भाग वीण दिसणारा.

वीण ठेवायच्या भागाचा पिवळा क्लिअर ३२० आणि पुढे ६००च्या वॉटर पेपरने घासा. घासताना पाण्याचा रंग पाहत राहा. पाणी दुधाळ आहे तोवर तुम्ही क्लिअरमध्येच आहात. पाणी काळं झालं की थांबा, तुम्ही कार्बनच्या तंतूंना पोचलात. सौंदर्याचा तो एकच थर आहे, तो परत येत नाही.

रंगाच्या पट्ट्यावर टाचणीएवढी भोकं राहतात. ती इपॉक्सीने भरा. पुट्टी, जिला काही गॅरेजात लांबी म्हणतात, ती फक्त केसभर उंचसखलपणासाठी. आकार पुट्टीने घडवायचा नाही. मग १८०चा पेपर, इपॉक्सी प्रायमर, त्यावर टू-के प्रायमरचे दोन-तीन हात आणि रात्रभर विश्रांती. ४०० आणि ६००च्या वॉटर पेपरने सपाट करून मेणविरहित क्लीनरने पुसा. बेसकोटचे पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर, पूर्ण बॉनेटवर दोन हात. बूथवाल्याला आधीच सांगा की हे कार्बन आहे, पत्रा नाही. भट्टी ६० अंशांवर चढवायची नाही. चकाकीत कुठे धूळ बसली असेल तर पूर्ण सुकल्यावर २०००चा पेपर आणि पॉलिश.

परत बसवताना

लॅचची जागा मी घरी दुरुस्त करू नका म्हणालो. मग आम्ही काय केलं? सुटलेला जोड कंपोझिटचं काम करणाऱ्या कारागिराकडून नव्याने चिकटवून घेतला. आणि एकट्या त्या जोडावर भरवसा न ठेवता पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना बॉनेट पिना बसवल्या, शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा. दिसायला भाच्याला आवडल्या, झोप मला लागली.

पिना किंवा बोल्ट थेट कार्बनवर आवळू नका. कार्बन आणि धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की धातू गंजतो, ॲल्युमिनियम तर फार लवकर. मध्ये ग्लास फायबरचा एक थर आणि खाली रुंद वॉशर हवा. पत्र्यासारखं करकचून आवळलं तर थर चिरडतात. बसवल्यावर शंभर किलोमीटरनंतर आणि मग दर सर्व्हिसला नाण्याने पुन्हा टकटक करा.

कागदपत्रंही सांभाळा. गाडीचा रंग बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. गाडीतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, आणि बाहेरून बसवलेल्या भागाची माहिती विमा कंपनीला दिलेली नसेल तर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो. आधी विचारून घ्या.

मंडळी, हे काम पूर्ण व्हायला आम्हाला तीन आठवडे लागले. पहिल्या वेळी दोन दिवस लागले होते. दिवाळीनंतर ताईला पुन्हा तुळजापूरला जायचं होतं. निघताना तिने पर्समधून एक रुपयाचं नाणं काढलं, बॉनेटवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाली, "हं, आता बसते."

नाणं जवळ ठेवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.